‘शोषण’ या संज्ञेची परीक्षा : स्तरित मृद्‌-खनिजे आणि क्ष-किरणांची साक्ष

पारिभाषिक संज्ञा कोशात सिद्ध होते, परंतु तिची यथार्थता वस्तूच्या वर्तनावरूनच ठरवावी लागते. ‘माती पाणी शोषते’ हे विधान या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ‘शोषणे’ म्हणताच टीपकागद डोळ्यांपुढे येतो. दख्खनच्या काळ्या मातीत विपुल आढळणाऱ्या माँटमोरिलोनाइटवर्गीय खनिजांचे वर्तन मात्र निराळे आहे.

ही खनिजे पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेल्या सिलिकेट-स्तरांची असतात. स्तरांवर ऋण विद्युत्‌भार असतो. त्याचा तोल राखणारे सोडियम, कॅल्शियम इत्यादींचे आयन स्तरांच्या मधल्या जागेत वसतात आणि पाण्याचे रेणू तेथे ओढून घेतात. हे अंतर दृश्य प्रकाशाच्या आवाक्याबाहेरचे आहे. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र त्या मापाला साजेशी असते. स्तरांवरून प्रकीर्ण झालेले किरण विशिष्ट कोनांतच परस्परांना बळ देतात. तो कोन मोजला की लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ साली मांडलेल्या नियमाने स्तरांतर काढता येते. अंतर वाढले की कोन लहान होतो.

शुष्क नमुन्यात हे स्तरांतर सुमारे १० अँगस्ट्रॉम असते (१ अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). आर्द्रता वाढविल्यास ते सुमारे १२.५, १५.५ आणि १९ असे टप्प्याटप्प्याने वाढते. प्रत्येक टप्पा म्हणजे पाण्याचा एकेक थर होय. पुढे कॅल्शियमयुक्त खनिज तेथेच थांबते. सोडियमयुक्त खनिज विरल द्रावणात एकदम ४० अँगस्ट्रॉमपर्यंत व त्याही पलीकडे जाते. एवढी अंतरे मोजण्यास लघुकोन प्रकीर्णनाचा आश्रय घ्यावा लागतो. याउलट केओलिनाइटचे ७.२ अँगस्ट्रॉम अंतर पाण्याने बदलत नाही.

तथापि ही साक्ष मर्यादित आहे. कणाकणांमधील रंध्रांत साठलेले पाणी स्तरांतरात उमटत नाही. त्यासाठी नमुन्याचे वजनच करावे लागते. तेव्हा घटना दोन आहेत आणि संज्ञाही दोन हव्यात : एकूण पाण्यासाठी ‘शोषण’ व स्तरांमधील पाण्यासाठी ‘अंतःस्तरीय जलप्रवेश’. हा भेद केवळ शाब्दिक नाही. सारखेच पाणी घेणाऱ्या दोन मातींपैकी एक फुगून घराचा पाया तडकविते, दुसरी तसे करीत नाही; ‘शोषण’ हा एकच शब्द वापरणाऱ्या पाठ्यपुस्तकातून याचे कारण विद्यार्थ्यास कळणार नाही.

लोकभाषेने मात्र परिणाम अचूक टिपला आहे. काळी जमीन पावसात ‘फुगते’, उन्हाळ्यात ‘भेगाळते’. परिभाषा घडविणाऱ्याने संस्कृत धातूंबरोबर या क्रियापदांचीही दखल घ्यावी, हे उचित.