गच्चीवरून उडणारी कॅसी

प्रश्न : वर्गात ठाकर, महादेव कोळी मुलं आहेत. त्यांना आपलं वाटेल असं चित्रपुस्तक सुचवाल का?
– एक शिक्षिका, पिंपरी पेंढार

उत्तर : ताई, फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचं ‘टार बीच’ (१९९१) जरूर मिळवा. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली आठ वर्षांची कॅसी रात्री गच्चीवरून उडते आणि वडील ज्याच्या बांधकामावर राबले, तो पूलच आपला म्हणून टाकते! ही गोष्ट रिंगगोल्डबाईंनी आधी गोधडीवर रंगवली होती. म्हणून मुलांना घरच्या गोधडीतल्या तुकड्यांची हकिकत आजीला विचारून यायला सांगा. पुस्तक इंग्रजी आहे. गोष्ट तुम्ही मराठीत सांगा.

सुरुवात मात्र मी चेन्नईच्या तारा बुक्सच्या ‘डू!’ने करेन. रमेश हेंगाडी आणि इतर वारली कलाकारांची चित्रं, शब्द अगदी मोजके. पहिलीतलं मूलही ते चित्रांवरून वाचेल.