वेटसूट आखूड की पायघोळ?

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आम्ही तारकर्लीला गेलो होतो. स्कूबासाठी तिथे काळे रबरी कपडे घालायला दिले. माझा मांडीपर्यंतच होता, आमच्या ह्यांचा मात्र घोट्यापर्यंत. मला काही थंडी वाजली नाही. आता मुलगा अंदमानला चार दिवसांचा डायव्हिंग कोर्स करायला निघालाय. पाणी तिथेही कोमटच असतं म्हणे. मग त्याला आखूड वेटसूट घेऊन द्यावा की पूर्ण? आणि कोमट पाण्यात मुळात रबर घालायचं तरी कशाला?
– एक वाचक, परभणी

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं त्यातूनच सुटतं.

खोलीत २८ अंश तापमान असलं की आपण पंखा लावतो. त्याच २८ अंशांच्या पाण्यात तासभर डुंबून बाहेर आलेल्या पोराचे ओठ बघा, निळे पडलेले असतात. शरीर असतं ३७ अंशांचं, आणि पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. त्यामुळे ‘कोमट’ हा शब्द पाण्यात शिरण्यापुरता खरा. त्यात किती वेळ राहायचं, यावर पुढचं सगळं ठरतं.

तारकर्लीला तुम्हाला थंडी वाजली नाही यात नवल नाही. पर्यटकांची ती डुबकी बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांची, काही मीटर खोलीची असते आणि प्रशिक्षक मागून धरून असतो. तेवढ्याला आखूड सूट, ज्याला डायव्हर मंडळी ‘शॉर्टी’ म्हणतात, अगदी पुरतो. तुम्हाला आखूड आणि यजमानांना पूर्ण, यामागेही फार शास्त्र नसावं. मापाचा जो हाताशी होता तो दिला असेल!

मुलाचं प्रकरण वेगळं आहे. कोर्समध्ये समुद्रातल्या चार तरी डाइव्ह असतात, बहुधा एका दिवसात दोन. आणि शिकाऊ माणूस पोहतो कमी, बसतो जास्त. तळाच्या वाळूवर गुडघे टेकून मास्कमध्ये पाणी घ्या, ते नाकानं फुंकून बाहेर काढा, तोंडातला रेग्युलेटर सोडा, पुन्हा पकडा, आणि मग शेजारच्याचं होईपर्यंत थांबा. हालचाल नाही म्हणजे ऊबही नाही. दुसऱ्या डाइव्हला उतरताना पहिल्या डाइव्हचा गारवा अंगात शिल्लक असतोच. काकडलेला माणूस हवाही जास्त खातो आणि शिकवलेलं विसरतो. तेव्हा माझं मत सरळ आहे : त्याला पूर्ण सूट, तीन मिलिमीटर जाडीचा.

वेटसूटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. सुटात शिरलेलं पाणी अंगानं तापतं आणि तेच आपल्याला गरम ठेवतं, असं पुष्कळ जण सांगतात. खरी राखण करतात ते निओप्रीन रबरातले वायूचे बारीक बुडबुडे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या नेमकं हेच लक्षात आलं : कापडात वायू कोंडलेला असेल तर माणूस ओला झाला तरी बिघडत नाही. हे ब्रॅडनर अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेले. पुढे सर्फिंगवाले जॅक ओनील यांनीही वेटसूटच्या जनकत्वावर हक्क सांगितला, तो वाद आपण इथेच सोडू.

बुडबुड्यांची गंमत अशी की खोल गेलं की ते दबतात. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे साधारण निम्मे. कोर्समध्ये नेतात त्या अठरा मीटरवर ते जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके उरतात. होडीवर जाडजूड वाटणारा सूट तळाशी पातळ झालेला असतो, आणि आखूड सुटात तर हातपाय उघडेच.

ऊब बाजूला ठेवली तरी कातडीचा प्रश्न राहतोच. नवशिक्याला पाण्यात तरंगता-बुडतानाचा तोल साधलेला नसतो. गुडघा खडकावर आपटतो, पोटरी प्रवाळाला घासते. फायर कोरल नावाचा एक जीव दिसतो प्रवाळासारखा आणि चावतो खाजकुइलीसारखा. जेलिफिशचे धागे तर दिसतही नाहीत. काही जुनेजाणते डायव्हर म्हणतात, अंग झाकलेला माणूस बेफिकीर होतो आणि प्रवाळावर रेलतो. त्यात तथ्य आहे. पण त्यावर उपाय शिकवण्यात आहे, पोराच्या पोटऱ्या सोलून घेण्यात नाही.

पूर्ण सुटाचा जाच म्हणाल तर होडीवर. उन्हात तो घालून बसलं की माणूस उकडून निघतो. म्हणून डाइव्हची वेळ होईपर्यंत कमरेपर्यंतच चढवायचा आणि पाणी पीत राहायचं. रबर जास्त म्हणजे तरंगणंही जास्त, त्यामुळे पट्ट्यात शिशाचं वजन किलो-दोन किलो वाढतं. ते प्रशिक्षक बघेल.

विकत मात्र आत्ताच घेऊ नका. डायव्हिंग सेंटर सूट देतातच, आणि लांबीपेक्षा माप महत्त्वाचं. काखेत, कमरेच्या खळग्यात ढिला असला की दर हालचालीला आतलं पाणी बाहेर आणि गार पाणी आत; मग पूर्ण सूटही शॉर्टीच्या तोडीचा. गळ्याशी मात्र आवळता कामा नये, त्यानं भोवळ येऊ शकते. मापाचा पूर्ण सूट नाहीच मिळाला, तर अंगभर लायक्राचा पातळ सूट आणि त्यावर शॉर्टी, हा मधला मार्ग चांगला. तो लायक्रा घेऊन ठेवा, स्नॉर्केलिंग करताना पाठ भाजत नाही.

आणि त्याच्या बॅगेत एक साधी प्लास्टिकची पिशवी टाका. पाऊल पिशवीत घालून मग सुटात घातलं की रबर सुळकन वर सरकतं. चेन पाठीमागे येते हेही सांगून ठेवा. पहिल्या दिवशी निम्मे लोक ती पुढे घेऊन उभे असतात.