तीन विषयांची परीक्षा

चाकूरहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पहाटे पोरं पळताना दिसतात. कुणाला पोलिसात जायचे असते, कुणाला सैन्यात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. त्याची ही तयारी.

एके दिवशी ओट्यावर बसलेल्या एका मामांनी आम्हाला हाक मारली.

"गुरुजी, पळणं समजलं. पण आमचा नातू म्हणालाय, एक शर्यत अशी हाय की आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, अन् मग पळायचं. खरं हाय का हे?"

"खरे आहे, मामा. तिला ट्रायथलॉन म्हणतात. आपण तिहेरी शर्यत म्हणू."

"अन् मधी भाकरी खायला सुट्टी?"

"सुट्टी नाही. ओल्या अंगाने सायकलवर बसायचे. सायकलवरून उतरले की पळत सुटायचे. घड्याळ काही थांबत नाही."

मामा हसले. म्हणाले, "मंग ही शर्यत कशाची? ही तर पेरणीची घाई झाली!"

मामांना जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो.

शर्यत केवढी असते?

तिहेरी शर्यत लहान असते, मोठीही असते. एका फार मोठ्या शर्यतीला 'आयर्नमॅन' म्हणजे लोखंडी माणूस असे नाव आहे. तिच्यात सुमारे ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि ४२.२ किलोमीटर पळायचे. सगळे एकाच दिवशी!

हे किती झाले? दहा मीटर रुंदीची विहीर डोळ्यांपुढे आणा. ती या काठापासून त्या काठापर्यंत ३८० वेळा पोहायची. मग सायकलवर चाकूर ते लातूर अशा साधारण पाच खेपा करायच्या. आणि शेवटी चाकूरहून पळत निघून लातूरच्याही थोडे पुढे जायचे.

घाबरू नका. नवख्या माणसासाठी लहान शर्यत असते. तिच्यात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणे असते. ऑलिंपिकमध्ये याच्या दुप्पट अंतर असते. तेथे ही शर्यत २००० साली सिडनी शहरात पहिल्यांदा झाली.

पोहणे पहिले का? विचार करा. दमलेला माणूस पळताना थांबू शकतो, रस्त्याच्या कडेला बसू शकतो. दमलेला माणूस पाण्यात कुठे बसणार? म्हणून अंगात ताकद असते तेव्हाच पाण्याचे काम उरकून घेतात.

ही शर्यत कशी निघाली?

अमेरिकेच्या हवाई बेटांवर काही मित्रांत वाद झाला. सर्वांत तगडा कोण? पोहणारा, पळणारा की सायकलवाला? जॉन कॉलिन्स नावाचे एक नौदल अधिकारी तेथे होते. ते म्हणाले, तिन्ही एकत्र करा, म्हणजे कळेल. १९७८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. १५ जण निघाले. १२ जणांनी ती पुरी केली. पहिला आला गॉर्डन हॉलर. त्याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला.

आपली माणसेही यात मागे नाहीत. मिलिंद सोमण हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. ते सिनेमात काम करतात. तरुणपणी ते पोहण्यात देशात पहिले आले होते. पण पळायला त्यांनी सुरुवात केली ती वयाच्या ३८ व्या वर्षी. पुढे २०१५ सालच्या जुलै महिन्यात त्यांनी स्वित्झर्लंड देशातील झुरिक येथे आयर्नमॅन शर्यत पुरी केली. वेळ लागला १५ तास १९ मिनिटे. तेव्हा पन्नाशी पुरी व्हायला काही महिनेच राहिले होते. ते पहिले आले नाहीत. पण ठरलेल्या वेळात शेवटच्या रेघेपर्यंत पोचले. तिहेरी शर्यतीत बहुतेकांची खरी जीत हीच असते.

आता अशा शर्यतीसाठी परदेशीच जावे लागते असे नाही. २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या आयर्नमॅनची शर्यत झाली. तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणे होते.

कच्चा विषय कोणता?

आम्ही जन्मभर शाळेत काढला. एक गोष्ट नेहमी पाहिली. गणितात हुशार असलेला पोरगा घरी गणितच करत बसतो. कारण ते त्याला येते, म्हणून आवडते. इंग्रजीचे पुस्तक तो उघडत नाही. कारण ते येत नाही. आणि वर्षाच्या शेवटी नापास होतो तो इंग्रजीत!

तिहेरी शर्यत ही तीन विषयांची परीक्षा आहे. पळण्यात पहिला आलात म्हणून पोहण्यात सूट मिळत नाही. तिन्हीत पास व्हावे लागते.

आपल्या भागातल्या माणसाचा कच्चा विषय कोणता? पळणे आपल्याला येते. सायकलही येते. कच्चे आहे ते पोहणे. हा आमचा दोष नाही, मुलखाचा आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. जेथे प्यायला पाणी नाही, तेथे पोहायला कुठून आणायचे?

आमचेही तेच होते. चाळिशी उलटली तरी आम्हाला पोहता येत नव्हते. एकदा शाळेजवळच्या विहिरीत एक पोरगा पडला. आम्ही धावत गेलो आणि काठावर उभे राहिलो. नुसते ओरडत राहिलो. शेजारच्या शेतातला गडी धावत आला. त्याने अंगातल्या कपड्यांनिशी उडी टाकली आणि पोराला वर काढले. पोरगा वाचला. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. एवढी वर्षे मास्तरकी केली आणि काठावर ओरडण्यापलीकडे काही आले नाही!

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही पाठीला कोरडा भोपळा बांधून विहिरीत उतरलो. शिकवायला आमचाच एक जुना विद्यार्थी होता. काठावर पोरं हसत होती. आम्हाला लाज वाटली. पण तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच म्हणायचे ना, विचारायला लाजू नका म्हणून? मग शिकायला काय लाजता?" आम्ही गप्प बसलो आणि पाय मारू लागलो.

त्याने पहिली गोष्ट हात मारण्याची शिकवली नाही. श्वासाची शिकवली. नवखा माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो. म्हणून दहा हात जाताच दमतो आणि घाबरतो. तोंड पाण्यात असताना हवा हळूहळू सोडायची. मग मान बाजूला वळवून तोंडाने हवा घ्यायची. हे जमले की भीती निम्मी जाते.

शर्यतीतल्या पाण्यात आणखी एक अडचण असते. नदीत, तळ्यात किंवा समुद्रात धरायला काठ नसतो. सोबतच्यांचे हातपाय लागतात. तेथे राखणीला होड्या असतात. दमलेल्या माणसाने हात वर करावा. होडीला धरून थोडा दम खावा. होडीने पुढे ओढून नेले नाही, तर तो बाद होत नाही. मदत मागणे म्हणजे हार नव्हे, हा चांगला नियम आहे.

दुसरा आणि तिसरा विषय

सायकल साधी चालते. पण ब्रेक चांगले हवेत आणि डोक्यावर हेल्मेट हवे. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावायचा. सायकल जागेवर ठेवल्यावरच तो सोडायचा. ही शिस्त मोडली, तर पंच शिक्षा करतात.

सायकलवरून उतरून पळायला लागले की गंमत होते. पाय आपले वाटतच नाहीत! लाकडासारखे होतात. कारण इतका वेळ ते पायडलवर गोल फिरत असतात. आता त्यांना अंगाचा भार उचलून पळायचे असते. यावर उपाय एकच. सराव करताना सायकलवरून उतरल्याबरोबर थोडे पळावे. हळूहळू पायांना सवय होते.

ज्युलीची गोष्ट

१९८२ सालची गोष्ट. ज्युली मॉस नावाची २३ वर्षांची विद्यार्थिनी हवाईच्या शर्यतीत उतरली. ती या खेळात नवखी होती. कॉलेजच्या अभ्यासासाठी माहिती हवी म्हणून ती आली होती. पण बघता बघता ती सगळ्या बायकांच्या पुढे गेली. शेवटची रेघ थोडीच दूर राहिली आणि तिचे पाय गळाले. अंगातले पाणी आणि ताकद संपली होती. ती पडली, उठली, पुन्हा पडली. मागून दुसरी बाई पुढे निघून गेली. शेवटी ज्युली रांगत रांगत रेघेपर्यंत गेली. तिचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर अर्ध्या मिनिटाने हुकला.

लोक तिच्या जिद्दीचे कौतुक करतात. आम्हीही करतो. पण जिद्दीबरोबर शिदोरीही हवी. लांबच्या शर्यतीत वाटेत थोडे थोडे खावे. पाण्याचे घोट घ्यावेत. फार वेळ घाम गाळून नुसते पाणी भरमसाट पिणेही वाईट. त्याने रक्तातले मीठ कमी पडते.

घरी करता येईल असे पाणी सांगतो. एक लिटर उकळून थंड केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. जुलाब झाले असता हे पाणी देतात. उन्हात राबून गळून गेलेल्या माणसालाही ते उपयोगी पडते.

आपण काय करावे?

गोव्याच्या शर्यतीला पैसा लागतो. प्रवास आहे, नाव नोंदवायची फी आहे. प्रत्येकाने तेथे जावे असे आम्ही म्हणत नाही. पण तयारीची रीत सर्वांच्या उपयोगाची आहे.

आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी. मग निदान तीन महिने तयारी करावी. आठवड्यातले तीन दिवस कच्च्या विषयाला द्यावेत. उरलेल्या दोन विषयांना तीन दिवस पुरतात. एक दिवस विसावा घ्यावा. बैलालासुद्धा आपण विसावा देतो!

विहिरीत कधीही एकट्याने उतरू नये. काठावर पोहता येणारा माणूस आणि दोर हवाच. दारू पिऊन तर पाण्याजवळही जाऊ नये.

त्या मामांचा नातू आता पोहायला शिकतो आहे. शर्यतीत तो जाईल की नाही, कोण जाणे. मामांनी आम्हाला विचारले, "गुरुजी, त्यानं नंबर नाही काढला तर?"

आम्ही म्हणालो, "मामा, उद्या विहिरीत कुणी पडले, तर तो नुसता काठावर उभा राहणार नाही. एवढा नंबर आपल्याला पुष्कळ झाला."

प्रश्न

१. तिहेरी शर्यतीत पोहणे पहिले का ठेवतात?

२. पाण्यात नवखा माणूस लवकर का दमतो?

३. ज्युलीचा पहिला नंबर कशामुळे हुकला?

४. तुमचा कच्चा विषय कोणता? तो एका ओळीत लिहा.