स्तनाच्या कर्करोगातील निद्रानाश व सजगता-चिकित्सा : वैद्यांसाठी एक अभ्यास

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रतिपादन केले आहे. यांतील निद्रेचा स्तंभ ढासळलेल्या रुग्णांचा एक मोठा वर्ग आज आपल्या चिकित्सालयांत येऊ लागला आहे. तो म्हणजे स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रकर्म, केमोथेरपी किंवा किरणोपचार झालेल्या स्त्रियांचा. स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. या स्त्रिया मूळ व्याधीच्या चिकित्सेसाठी कर्करोगतज्ज्ञांकडे जातात, परंतु "वैद्यराज, झोप येत नाही, काही तरी द्या" ही विनंती घेऊन बहुधा आपल्याकडे किंवा औषधालयात येतात. त्या वेळी काय द्यावे आणि काय देऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हेतुविचार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात निद्रानाशाची पाच कारणे सांगितली आहेत : वात, पित्त, मनस्ताप, क्षय आणि अभिघात. स्तनकर्करोगाच्या रुग्णेत ही पाचही कारणे एकत्र नांदताना दिसतात. शस्त्रकर्म हा अभिघात होय. केमोथेरपीनंतरचे दौर्बल्य हा धातुक्षय होय. अकाली रजोनिवृत्ती आणि टॅमॉक्सिफेनसारखी औषधे यांमुळे रात्री अंगाची लाही होऊन घाम फुटतो व झोपमोड होते. येथे पित्ताची लक्षणे स्पष्ट दिसतात. अॅरोमॅटेज-रोधक गटातील औषधांमुळे होणारी सांधेदुखी वाताकडे अंगुलिनिर्देश करते. व्याधी परत उलटेल काय, मुलाबाळांचे कसे होईल, हा मनस्ताप तर सर्वांच्या मुळाशी असतो. याखेरीज केमोथेरपीसोबत वांती टाळण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉइड स्वतःच झोप उडविते.

म्हणून झोपेचे औषध देण्यापूर्वी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. झोप लागण्यास वेळ लागतो की मध्येच जाग येते? जाग कशाने येते : वेदनेने, घामाने, लघवीने की विचारांनी? हा त्रास आठवड्यातून किती रात्री होतो? आठवड्यातून किमान तीन रात्री व तीन महिन्यांहून अधिक काळ त्रास असल्यास तो जीर्ण निद्रानाश समजतात. स्टेरॉइड कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी घेतले जाते? जगण्याविषयी निराशेचे उद्गार निघतात काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये.

सजगता-चिकित्सा म्हणजे काय

पाश्चात्त्य वैद्यकात माइंडफुलनेस या नावाने रूढ झालेला शब्द हा पाली भाषेतील 'सति' या शब्दाचा अनुवाद आहे, आणि सति म्हणजेच संस्कृतातील स्मृति. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मानस दोषांच्या शमनासाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृति व समाधि ही साधने सांगितली आहेत. आयुर्वेदातील स्मृति व बौद्ध परंपरेतील सति यांचा अर्थ सर्वस्वी एक नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एकीत अनुभूत विषयाच्या स्मरणावर भर आहे, तर दुसरीत वर्तमान क्षणाच्या अवधानावर. तथापि अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे या सत्त्वावजय चिकित्सेच्या व्याख्येत या साधनेस स्थान देण्यास हरकत नसावी.

नाशिककरांना हा विषय परका नाही. ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आलेले सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने आपल्याच जिल्ह्यात इगतपुरी येथे १९७६ साली धम्मगिरी हे विपश्यना केंद्र स्थापन झाले. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ध्यान व योगासने यांवर आधारलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचे सत्र, रोज सुमारे पाऊण तास घरी सराव, श्वासाचे अवधान, पायापासून डोक्यापर्यंत शरीराचे क्रमशः निरीक्षण आणि हळुवार आसने असे त्याचे स्वरूप आहे. कर्करोग रुग्णालयांत जी सजगता-चिकित्सा दिली जाते, ती प्रायः याच अभ्यासक्रमावरून घेतलेली आहे.

या दोहोंतील भेद रुग्णेस स्पष्ट सांगावा. दहा दिवसांचे विपश्यना शिबिर पहाटे चार वाजता सुरू होते व त्यात रोज दहा तासांहून अधिक बैठक असते. ते रोगोपचारासाठी नाही, असे ही परंपरा स्वतःच सांगते. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा नुकतेच शस्त्रकर्म झालेल्या रुग्णेस झोपेसाठी शिबिरास धाडणे उचित नव्हे. उपचार पूर्ण झाल्यावर, तज्ज्ञांची संमती घेऊन व केंद्रास प्रकृतीची पूर्ण माहिती देऊन तिने स्वेच्छेने जावे, हे वेगळे.

पुरावा काय सांगतो

डेन्मार्कमध्ये स्तनकर्करोगाच्या ३३६ स्त्रियांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतर लगेच झोपेत सुधारणा दिसली, परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांत फरक उरला नाही. कॅनडात निद्रानाश असलेल्या १११ कर्करोगग्रस्तांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सजगता-अभ्यासक्रमाची तुलना निद्रानाशावरील वर्तनचिकित्सेशी करण्यात आली. अभ्यासक्रम संपताच वर्तनचिकित्सा सरस ठरली. मात्र पाच महिन्यांच्या पाठपुराव्यात सजगता-गट तिच्या बरोबरीस आला.

या दोन चाचण्यांतून आपणांस तीन बोध घेता येतात. सजगतेचा गुण सावकाश येतो. सराव सुटला की तो ओसरू शकतो. आणि प्रथम पसंती आजही वर्तनचिकित्सेलाच आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही २०१६ साली प्रौढांच्या जीर्ण निद्रानाशात तीच प्रथम द्यावी असे सांगितले. ही साधना कर्करोग बरा करते असे कोणताही पुरावा सांगत नाही, व आपणही तसे सांगू नये.

चिकित्सालयातील योजना

१. वर्तनचिकित्सेची सोपी अंगे प्रथम सांगावीत : रोज एकाच वेळी उठणे, झोप आल्यावाचून अंथरुणावर न पडणे, बराच वेळ झोप न आल्यास उठून शांत बसणे, दिवसा लांबलचक झोप न घेणे.

२. सजगतेचा आरंभ दहा मिनिटांच्या श्वासावधानाने करावा. श्वास बदलावयाचा नाही, केवळ जाणावयाचा. मन भरकटले की राग न धरता परत आणावे. आठवडागणिक वेळ वाढवावा.

३. शरीर-निरीक्षणात शस्त्रकर्म झालेल्या बाजूकडे लक्ष नेताच काही स्त्रियांना भय वा रडू दाटून येते. अशा वेळी तो भाग वगळून तळपायांपासून सुरुवात करावी.

४. "झोप लागावी म्हणून" ध्यान करू नये, हे निक्षून सांगावे. झोपेची प्रतीक्षा हीच झोपेची वैरीण ठरते.

५. चरकाचार्यांनी एकविसाव्या अध्यायात सांगितलेले निद्राजनक उपाय तारतम्याने योजावेत. सुखद शय्या, प्रिय गंध, मनःसुख व पचत असल्यास दूध हे योग्य होत. त्याच यादीतील मद्य मात्र येथे त्याज्य समजावे, कारण मद्यपान स्तनकर्करोगाचा धोका वाढविते. अभ्यंग पायांस व तळपायांस सौम्यपणे करावा. शस्त्रकर्माच्या बाजूच्या हातास जोरकस मर्दन करू नये, कारण तेथे लसीकाजन्य सूज येण्याचा धोका असतो. किरणोपचार चालू असलेल्या त्वचेवर तज्ज्ञांना विचारल्यावाचून तेल लावू नये. केमोथेरपीत श्वेतपेशी घटलेल्या असताना बस्तिकर्म टाळावे.

औषधालयचालकांसाठी

निद्राजनक म्हणून मागितली जाणारी औषधे या रुग्णांत निरुपद्रवी समजू नयेत. जटामांसी, तगर यांसारखी द्रव्ये झोपेच्या आधुनिक गोळ्यांसोबत घेतल्यास गुंगी वाढू शकते. सर्पगंधेतील रेसर्पिन विषण्णता आणू शकते. जी रुग्णा आधीच खचलेली आहे, तिला ते देणे धोक्याचे. अश्वगंधा घेणाऱ्या काही व्यक्तींत यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून यकृतावर भार टाकणारी केमोथेरपी चालू असताना ती सल्ल्यावाचून देऊ नये. हळदीतील करक्युमिन मिरीतील पायपरीनसह घेतल्यास टॅमॉक्सिफेनपासून बनणाऱ्या एन्डॉक्सिफेन या क्रियाशील घटकाची रक्तातील पातळी घटते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आढळले. स्वयंपाकातील हळदीचा येथे प्रश्न नाही; प्रश्न आहे तो कॅप्सूलमधील अर्काचा.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधे अनुसूची एच-१ मध्ये मोडतात. ती चिठ्ठीवाचून देता येत नाहीत व विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. तसेच कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यान्वये निषिद्ध आहे, हे दुकानात फलक लावतानाही विसरू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट

झोप उडते, अंगाची लाही होते, म्हणून काही स्त्रिया टॅमॉक्सिफेन आपणहून बंद करतात व ते कोणास सांगतही नाहीत. इस्ट्रोजेन-ग्राही कर्करोगात पाच वर्षे घेतलेल्या या औषधाने पहिल्या पंधरा वर्षांतील स्तनकर्करोगजन्य मृत्यूचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते. निद्रेच्या मोबदल्यात हे संरक्षण गमावणे फार महाग पडते. म्हणून प्रत्येक भेटीत "गोळी नियमित चालू आहे ना?" हे विचारणे आपले कर्तव्य होय. बंद केली असल्यास न रागावता तिला कर्करोगतज्ज्ञांकडे परत पाठवावे व सोबत आपली चिठ्ठी द्यावी. औषधाची वेळ किंवा प्रकार बदलून मार्ग काढणे त्यांच्या हाती असते.

वैद्यबंधू-भगिनींनो, या रुग्णेस आपण देऊ शकतो ती पहिली गोष्ट म्हणजे पुरेसा वेळ. हेतू शोधून, साधना शिकवून, द्रव्ये जपून वापरून आणि मूळ उपचारांस बाध न आणता आपण तिच्या निद्रेचा स्तंभ सावरू शकतो. रोज वीस मिनिटे आपण स्वतः या साधनेस बसलो, तर ती रुग्णेस शिकविण्याचा अधिकारही आपणांस लाभेल.