अनुदानाआधी हिशेबाची वही

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात हल्ली एक प्रश्न हमखास कानी येतो : "खाद्यपदार्थाच्या धंद्याला सरकार दहा लाख देते म्हणे, अर्ज कुठे करायचा?" प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गैरसमज दडला आहे, आणि तो लहान शेतकऱ्याला महागात पडू शकतो.

ही चर्चा आहे प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग उन्नयन योजनेची. जून २०२० मध्ये ती पाच वर्षांसाठी सुरू झाली व पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवली गेली. म्हणून प्रथम उद्यानिकी खात्याच्या जिल्हा कचेरीत जाऊन अर्ज घेतले जात आहेत का, हे विचारावे. योजनेत इंदूर जिल्ह्याचे उत्पादन म्हणून बटाटा निवडला गेला. पापड-लोणच्यासारख्या इतर पदार्थांनाही पुढे वाट मोकळी झाली. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला लाभ, असा नियम ठेवला गेला.

आता दहा लाखांचे पाहू. ती कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, निदान १० टक्के आपली रक्कम आणि बाकी बँकेचे कर्ज. जमिनीची किंमत खर्चात धरली जात नाही. शिवाय अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत आपल्या नावे वेगळे ठेवले जाते आणि तीन वर्षांनी, कर्जखाते नियमित असेल व धंदा चालू असेल तरच, कर्जात वळते होते. म्हणजे धंदा बुडाला तर अनुदानही गेले, आणि हप्ते मात्र राहिले.

म्हणून आधी वही उघडावी. समजा, एका घराने बटाट्याचे वाळवलेले वेफर करायचे ठरवले व चार लाखांची यंत्रे पाहिली. घरचे चाळीस हजार, कर्ज ३,६०,०००. पाच वर्षांत फेडायचे तर मुद्दलच महिन्याला ६,००० रुपये, वर व्याज.

बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. सोलण्यात व निवडण्यातही तूट येते. क्विंटलमागे १५ किलो सुका माल धरू. महिन्याला ५० किलो विक्री, म्हणजे वर्षाला ६०० किलो. त्याला ४० क्विंटल बटाटा हवा. भाव १,२०० रुपये क्विंटल धरला तर ४८,००० रुपये, महिन्याकाठी ४,०००. वेफर दुकानदाराला १६० रुपये किलोने दिले तर हाती ८,०००. बटाटा वजा जाता उरले ४,०००. त्यातून पिशव्या, मीठ, इंधन, वाहतूक व मजुरी. हप्ता कुठून भरणार? गहू-सोयाबीनच्या पैशातून! असा धंदा शेताला पोसत नाही, शेतच त्याला पोसते.

त्याच घराने लाखाच्या आत बसणारी लहान यंत्रे घेतली तर मुद्दलाचा हप्ता १,५०० वर येतो. तेवढ्यावर दोन वर्षे गिऱ्हाईक जोडावे, मग मोठ्या यंत्राचे पाहावे. नाहीतर आधीच महिन्याला दीडशे किलो घेणारे दुकानदार शोधावेत. (आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या मंडीचे भाव आपण घालावेत.)

पुष्कळजण म्हणतात, "बटाटा घरचाच आहे, तो फुकट." तो फुकट नाही. मंडीत विकला असता तर जे आले असते, ते खर्चाच्या बाजूला लिहावे.

आणखी एक अडचण आहे. माळव्यात बटाटा निघतो तो हिवाळ्याच्या अखेरीस, एकदम. खरेदी दोन महिन्यांत व विक्री बारा महिने, म्हणून खेळते भांडवल वेगळे मांडावे लागते. नेहमीच्या शीतगृहात फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते व त्याच्या चकत्या तळताना काळपट पडतात. त्यामुळे चकत्या हंगामातच वाळवून घेणे बरे. आपल्याकडच्या ताज्या बटाट्यात साखर कमी असते, म्हणूनच वेफरवाल्यांना तो आवडतो.

हा हिशेब बँकेच्या नमुन्यात बसवून देण्यासाठी योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या गेल्या. प्रकल्प अहवाल, कर्जाचा अर्ज, अन्न सुरक्षा नोंदणी यांत त्या मदत करतात. कर्ज मंजूर झाल्यावर त्यांचा मोबदला सरकारकडून मिळतो, अर्जदाराने काही द्यायचे नसते. तेव्हा "मंजुरी आणून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. मात्र आपली वही त्यांच्यापुढे ठेवावी, नाहीतर छापील अहवालातले दुसऱ्याचेच आकडे आपल्या नावावर बँकेत जातील.

उदयनगर भागात १९९२ पासून सिस्टर राणी मारिया हेच काम करीत होत्या : सावकाराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याला बँकेची व सरकारी योजनांची वाट दाखवणे. त्यापायी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांचा प्राण गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्य घोषित करण्यात आले. ज्या माहितीसाठी त्यांनी एवढी किंमत मोजली, ती आज कचेरीत विचारल्यास मिळते.

बचत गटातील भगिनींसाठी वेगळी तरतूद केली गेली : खाद्यपदार्थ करणाऱ्या प्रत्येक सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल, लहान अवजारे व खेळत्या भांडवलासाठी. तेही गटाला परत करायचे असते. एकटीने मोठे कर्ज घेण्यापेक्षा पुष्कळ घरांना हेच सोयीचे पडेल.

कचेरीत जाताना आधार, पॅन, बँकेचे पासबुक, जागेचा पुरावा व यंत्रविक्रेत्याचे दरपत्रक न्यावे. दरपत्रके दोघा-तिघांकडून घ्यावीत. आणि हे सारे दिवाळीच्या सुमारास सुरू करावे. बटाटा निघाल्यावर धावपळ केली तर मंजुरी येईतो हंगाम संपलेला असतो.