बाय, रॅम घ्यायच्या आधी

अगो बाय, दुकानदाराला पैसे पाठवायच्या आधी माझं जरा ऐकून घे. कॉम्प्युटर हँग होतोय आणि दुकानदार म्हणतो, रॅम वाढवा, पळायला लागेल. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. जुनं मशीन मंद व्हायला दोन-तीन कारणं असतात आणि प्रत्येकाला रॅम हा उपाय नव्हे. आंब्याच्या हंगामात तू दिवसभर त्याच्यासमोर बसतेस. ऑर्डरी, पत्ते, पार्सलचे नंबर सगळं त्यातच. तेव्हा त्याला नेमकं काय कमी पडतंय ते तुला स्वतःला कळायला हवं.

रोज उघडतेस ते सगळं उघड. क्रोमचे टॅब, व्हॉट्सअ‍ॅप वेब, एक्सेलमधली ऑर्डरींची यादी. काम चालू असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जा. मेमरीचा आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून राहिला असेल तर रॅम कमी पडतेय, शंकाच नको. मेमरी निम्म्यावर आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के, तर दोष बहुतेक हार्ड डिस्कचा. मग रॅम कितीही घातलीस तरी फरक दिसणार नाही. दोन्ही चढलेले असतील तर मात्र फसायला होतं. आपण पडवीत पेट्या भरतो ना, पडवी भरली की पेट्या मागच्या खोलीत नेऊन ठेवायच्या आणि लागल्या की परत आणायच्या, त्या नेण्या-आणण्यातच वेळ जातो. रॅम ही पडवी. ती भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर हलवतं, म्हणून डिस्कही धापा टाकते. अशा वेळी रॅम वाढवली की डिस्कवरचा भारही उतरतो.

डिस्कच दोषी निघाली तर रॅमचा नाद सोड आणि हार्ड डिस्कच्या जागी साधी अडीच इंची साटा एसएसडी घे, २४०-२५६ जीबीची. मशीन सुरू व्हायला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो.

आता रॅमच हवी असं ठरलं, तर किती? माझं स्पष्ट मत, एकूण ८ जीबी. ४ जीबीमध्ये आजचा ब्राउझर आणि विंडोज दोघांचंच जेमतेम भागतं, त्यात तुझ्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे स्क्रीनसाठीही त्यातलीच थोडी कापली जाते. १६ जीबी तुझ्या कामाला नको. तू व्हिडिओ एडिटिंग करत नाहीस. एक गोष्ट आधी तपास. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', मग 'अबाउट', तिथे 'सिस्टम टाइप' लिहिलेलं असतं. ३२ बिट विंडोज असेल तर ते ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही. मग आधी ६४ बिट विंडोज टाकून घ्यावं लागेल, आणि त्याच्याही आधी तुझा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर काढून ठेवावा लागेल. फॉरमॅट मारल्यावर गिऱ्हाइकांची यादी परत येत नाही, बाय.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चुकीच्या जातीची रॅम आणल्यामुळे. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत; प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते. डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८. टास्क मॅनेजरमध्येच मेमरीच्या पानावर 'स्पीड' दिसतो. १३३३ किंवा १६०० असेल तर डीडीआर३, २१३३, २४०० किंवा २६६६ असेल तर डीडीआर४ असं समज. तिथेच 'स्लॉट्स यूज्ड' असतं, म्हणजे दोनपैकी किती जागा भरल्यात ते. खात्री हवी असेल तर कॅबिनेटचं झाकण काढ आणि जुन्या रॅमवरचं लेबल वाच. पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ ची, पीसी३-१२८०० म्हणजे १६०० ची.

एक स्लॉट रिकामा असेल तर आहे तिच्याच स्पीडची आणि तेवढ्याच जीबीची जोडीदार घाल. दोन सारख्या असल्या की मदरबोर्ड दोघींशी एकाच वेळी बोलतो, थोडा वेग त्यातही मिळतो. स्पीड वेगळे असले तर दोघीही हळू असलेलीच्या वेगाने चालतात. मदरबोर्ड किती पेलतो तेही बघायचं. जुने जी४१ चिपसेटचे बोर्ड फार तर ८ जीबीपर्यंत जातात, एच६१ वाले १६ पर्यंत. ऑनलाइन फार स्वस्तात ८ जीबीची डीडीआर३ दिसली तर वर्णन शेवटपर्यंत वाच, कारण त्यातल्या पुष्कळशा फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात आणि तुझा इंटेलचा आहे. भावजींच्या लॅपटॉपचीही रॅम वाढवायची म्हणत होतीस. त्याची काडी आखूड असते, डेस्कटॉपची त्यात बसत नाही. आणि चौथ्या पिढीच्या इंटेलपासूनचे डीडीआर३ चे लॅपटॉप १.३५ व्होल्टची, म्हणजे डीडीआर३एल हीच रॅम मागतात. काही लॅपटॉपांत ती बोर्डलाच डाग देऊन पक्की केलेली असते, तिथे काहीच करता येत नाही.

भाव विचारून चक्रावू नकोस. एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते, कारखाने तिकडे वळलेत आणि २०२५ च्या अखेरीपासून आपल्यासारख्यांची रॅम महागली आहे. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून दुसऱ्या मशीनमधून काढलेली, चालू असलेली डीडीआर३ घ्यायला माझी हरकत नाही. फक्त तुझ्याच मशीनवर लावून दाखवायला सांग, आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घे.

आणि एक आपल्या रत्नागिरीचं. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत पाणीच असतं, मांडवी-मिऱ्याकडच्या घरांत तर खारा वाराही. रॅमच्या सोनेरी पिनांवर त्याचा थर बसतो आणि एके दिवशी मशीन नुसतं बीप देतं, स्क्रीन काळी. रॅम मेली म्हणून नवी घेऊ नकोस. वायर भिंतीतून काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लाव. मग दोन्ही बाजूंच्या क्लिपा उघडून रॅम काढ, पिना साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पूस, भुगा झटक, आणि खाच जुळवून क्लिप 'टक्' म्हणेपर्यंत दाबून बसव. बऱ्याचदा एवढ्यावर चालू होतं. पावसात काम नसलं तरी रोज थोडा वेळ मशीन चालू ठेव, आतली ऊब ओल धरू देत नाही. झाकण उघडायला कुणा पुरुषमाणसाची वाट बघायची काही गरज नाही, तुझे हात याहून नाजूक कामं रोज करतात.

किती खर्च करायचा, त्याचीही मर्यादा सांगते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची मशीनं अधिकृतपणे घेत नाही. तुझं मशीन त्याहून जुनं आहे. तेव्हा रॅम आणि एसएसडी मिळून नव्या मशीनच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त लागत असेल तर थांब आणि ते पैसे नव्यासाठी बाजूला टाक. त्याच्या आत बसत असेल तर खुशाल कर. पुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलंस तरी ८ जीबीवर ते झकास चालतं.

आज संध्याकाळी टास्क मॅनेजरच्या मेमरी आणि डिस्क या दोन्ही पानांचा आणि जुन्या रॅमवरच्या लेबलाचा फोटो काढून मला पाठव. मी बघते, मगच मारुती मंदिराकडे दुकानात जा.