गाळ उपसल्यावर

वसईच्या आमच्या वाडीत एक बावखल आहे. बावखल म्हणजे पूर्वजांनी खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, केळी-पानवेलींना पुरतं, आणि समुद्र इतका जवळ असूनही आसपासच्या विहिरी गोड राहतात. २०१८ च्या जुलैत वसई पाण्यात गेली तेव्हा आमची वाडीही बुडाली, पानवेल मुळापासून कुजली. २०२१ मध्ये करोनानं ह्यांना नेलं. त्यानंतर टीव्ही लावावा तर युद्ध, पूर, माणसामाणसांतला द्वेष. साठी उलटल्यावर मला आशा धरायला नव्यानं शिकावं लागलं. शिकले ते इतकंच.

१. आधी पोटात घास, मग प्रार्थना.
बायबलमधला एलीया संदेष्टा जीव मुठीत घेऊन रानात पळतो, एका झुडपाखाली आडवा होतो आणि देवाकडे मरण मागतो. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही. उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो, झोपतो, उठून पुन्हा खातो, तेव्हा कुठे त्याला पुढची वाट चालवते. हे गेल्यावर मी जपमाळ हातात धरून नुसती बसायची, ओठ हलायचे नाहीत. जाऊबाई रोज तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण ठेवून जायच्या. माझी प्रार्थना अजून सुरूही झाली नव्हती, आणि उत्तर डब्यातून येत होतं.

२. ‘का?’चं उत्तर मिळेलच असं नाही.
बायबलमधल्याच ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. तो देवाला जाब विचारतो. शेवटी देव बोलतो ते हिमाबद्दल, पहाटताऱ्यांबद्दल, रानगाढव आणि शहामृगाबद्दल. ‘का?’ तसाच राहतो. हे वाचून मला चीडच आली होती. मग एका पहाटे बावखलाच्या काठावर बसले असताना खंड्यानं पाण्यात सूर मारला. तीनदा चोच रिकामी, चौथ्यांदा मासा. अर्धा तास मी माझा प्रश्न विसरले होते. दुःख तेवढंच होतं, जग मात्र त्याहून मोठं निघालं.

३. डोळे गेले तरी सूर्याचं गाणं करता येतं.
असिसीच्या संत फ्रान्सिसनं सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारं आपलं स्तुतिगीत १२२५ च्या सुमारास रचलं. तेव्हा तो आजारानं खंगला होता, दृष्टी जवळजवळ गेली होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सृष्टीच्या रक्षणावर लिहिलेल्या परिपत्रकाचं ‘लाउदातो सी’ हे नाव त्याच गीतातलं. स्तुती करायला दिवस चांगले यावे लागतात, हा माझा समज तिथे गळून पडला.

४. व्रण झाकून आशा सांगू नये.
घड उतरवला की केळ कापावी लागते. तोवर शेजारी तिचे मुनवे, म्हणजे नवे कोंब, उभे असतात. सांत्वनाला आलेले लोक हा दाखला हमखास देतात. पण मुनवा म्हणजे ती केळ नव्हे, गेलेलं माणूस नातवाच्या चेहऱ्यात भरून निघत नाही. मला धीर दिला तो ईस्टरच्या गोष्टीतल्या एका तपशिलानं. मरणातून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते.

५. आपली चूक देवाच्या खात्यावर मांडू नये.
पुराला कुणी देवाचा कोप म्हणालं की मला बुजवलेली बावखलं आठवतात. पाण्याच्या जागी आपण इमारती उभ्या केल्या, मग पावसानं जायचं कुठे? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’च्या लढ्यात वेदीवरची श्रद्धा रस्त्यावर आणली. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्रानं त्यांना पाहिलं. आम्हा वसईकरांना ते झाडांसाठी आणि पाण्यासाठी भांडणारे फादर म्हणून अधिक ठाऊक. २०२४ मध्ये ते गेले. भांडण आमच्याकडे ठेवून गेले.

६. गाळ उन्हाळ्यातच काढायचा.
उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला लागते ती राख मागल्या वर्षीच्या झावळ्यांची. येशूच्या जयजयकारात हलवलेल्याच झावळ्या जाळायच्या आणि आत काय साचलंय ते बघायचं. उपवासकाळाचा अर्थ मी एवढाच लावते. त्या काळात मी सकाळचा फोन सोडला. देवावरचा राग मात्र सुटत नव्हता, तो आमच्या चर्चमधल्या फादरांपाशी एकदा मोठ्यानं बोलून टाकला.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही शेजारीपाजारी मिळून बावखल उपसलं. घमेली भरभरून चिखल निघाला, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, आणि जुन्या रहाटाच्या गाडग्याची एक खापरी. ती धुऊन मी खिडकीत ठेवली. संध्याकाळी तळ कोरडाठाक होता. कुणीतरी म्हणालं, “आता पावसाची वाट बघा.”

दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपून काठावर गेले, तर तळाशी वीतभर पाणी, निवळशंख. रात्रीतून खालून झिरपलेलं. पावसाला अजून महिना-दीड महिना होता.